आठची पाळी आणि सीबीटीचा वळसा

हे प्रकरण बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या मशीन शॉपमधलं आहे. मी तिथं हजेरी, पगार आणि डिस्पॅचचे कागद बघते. वर्कशॉपचं, गावाचं आणि बायकांचं नाव मुद्दाम देत नाही. ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदललेत. बाकी जे झालं ते आमच्या चुकांसकट लिहिलंय. आमच्यासारखी कितीतरी युनिट्स या पट्ट्यात आहेत आणि सकाळी आठला पंचिंग मशीनसमोर बसमुळे उशिरा पोचणाऱ्या बायकांचा हाच प्रसंग रोज घडतोय, म्हणून लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

बेळगावच्या दक्षिण अंगाला आधी दिसते ती रेल्वे. स्टेशनातून लोंढ्याकडे निघालेली लाइन टिळकवाडीला उभी चिरत जाते. एका अंगाला काँग्रेस रोड. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन याच भागात भरलं, त्यावरून हे नाव पडलं. दुसऱ्या अंगाला हिंदवाडी, भाग्यनगर, अनगोळ. लाइन ओलांडायच्या जागा म्हणजे पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट आणि अनगोळचं चौथं गेट. तिसऱ्या गेटावर उड्डाणपूल झाला, तरी पत्ता सांगताना तोंडात 'तिसरं गेट'च येतं.

पुलापलीकडे उद्यमबाग: फाउंड्र्या, टर्निंग शॉप, कास्टिंगवर (ओतीव भागांवर) मशीनिंग करून देणारी जॉबवर्कची युनिट्स. तोच रस्ता पुढं पिरनवाडी, मच्छे करत खानापूरला आणि तिथून गोव्याला जातो. राष्ट्रीय महामार्ग ७४८ तो हाच. उद्यमबागेत एक मोठं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयही मच्छेकडेच. त्यामुळे कामगार, विद्यार्थी, गोव्याचे ट्रक आणि खानापूरच्या एसट्या सकाळी एकाच रस्त्यावर असतात.

रेल्वेच्या पूर्वेला शहापूर, वडगाव संपलं की भाताचं शिवार लागतं. येळ्ळूर, धामणे, सुळगे (येळ्ळूर), देसूर ही गावं त्या शिवाराच्या कडेनं वसलेली. आमच्याकडे काम करणाऱ्या सात बायका त्यांतल्याच एका गावच्या. कास्टिंगच्या कडा घासणं, डीबरिंग (मशीनिंगनंतर राहिलेले बारीक कंगोरे काढणं), गेज लावून मापाची तपासणी, पॅकिंग अशी त्यांची कामं. थोरल्या काकी चौदा वर्षं आमच्याकडे आहेत. सगळ्यात धाकटी पीयूसी (बारावी) झालेली, चोवीस वर्षांची. पाळी सकाळी आठ ते साडेचार, मध्ये अर्धा तास जेवण.

या बायका कित्येक वर्षं एका ठरलेल्या वडापनं, म्हणजे माणशी पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या खासगी गाडीनं, येत. वडापवाला गावचाच. सात वाजता गावातून निघायचा, मधल्या रस्त्यानं अनगोळ गाठायचा, गेट उघडं असलं तर चौथ्या गेटातून, नाहीतर तिसऱ्या गेटावरून वळून उद्यमबागेत सोडायचा. येता-जाता माणशी चाळीस रुपये. पावणेआठला बायका गेटवर हजर. चौदा वर्षांत काकींचा लेट मार्क मला दोनदाच सापडला, आणि दोन्ही वेळा कारण सणाचं होतं.

अडचण

११ जून २०२३ पासून कर्नाटकात 'शक्ती' योजना सुरू झाली. राज्यातल्या रहिवासी महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास मिळाला. आमच्या बायकांच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. दिवसाला चाळीस म्हणजे महिन्याला हजार रुपये, पगाराचा जवळजवळ दहावा हिस्सा. पहिल्या आठवड्यात चौघी बसकडे वळल्या. वळणारच होत्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही वळले असते.

पण वडाप फक्त आमच्या सात जणींवर चालत नव्हतं. बाजाराला निघालेल्या बायका, कॉलेजच्या मुली, वडगावला शिवणकामाला जाणाऱ्या अशा सगळ्या मिळून त्याची गाडी भरायची. त्या सगळ्या एका महिन्यात बसकडे गेल्या. वडापवाल्यानं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेटलं आणि मग सकाळची फेरी बंद केली. राहिलेल्या तिघींची इच्छा असो नसो, त्यांनाही बसच धरावी लागली.

आता बस कुठून जाते? गावातून वडगाव, शहापूर करत सीबीटीला. सीबीटी म्हणजे शहर बसस्थानक, उद्यमबागेपासून पार उत्तरेला. तिथं उतरून मच्छेकडची दुसरी बस धरायची आणि गोवावेस, आरपीडी (कॉलेजचा चौक), तिसरं गेट असं करत पुन्हा दक्षिणेला यायचं. शिवारातून बघितलं तर गाव ते उद्यमबाग फार तर सात-आठ किलोमीटर. बेळगावच्या खेड्यांच्या बस बहुतेक अशाच आहेत, चाकाच्या आऱ्यांसारख्या सगळ्या मध्यभागी येतात. शेजारच्या दोन गावांना जोडणारी कडेची रेषा नाही. ती कडेची रेषा इतकी वर्षं वडाप ओढत होतं, हे ते बंद पडेपर्यंत आमच्या लक्षात आलं नव्हतं.

बायका मध्येच गोवावेसला उतरून दुसरी बस का धरत नाहीत, असं मी पहिल्यांदा विचारलं. धाकटीनं सांगितलं, ती बस सीबीटीतूनच भरून येते, गोवावेसला दारात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून उलट दिशेला सीबीटीपर्यंत जायचं, तिथं खिडकीतून रुमाल टाकायचा आणि आल्या वाटेनं परत यायचं.

जुलैच्या शेवटी मस्टर बघितलं तर सातही जणींना मिळून एकोणचाळीस लेट मार्क होते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एकही नव्हता.

पहिला निर्णय: अर्धा दिवस कापणे

हा निर्णय मालकांचा होता, पण कागद मी तयार केला, म्हणून तो माझाही आहे. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा, अशी नोटीस आम्ही ऑगस्टच्या एक तारखेला लावली. डोक्यात विचार असा की सवलत दिली की उशीर वाढत जातो. दोन-चारदा पैसे कापले गेले की बायका आपोआप आधीची बस धरतील.

मी स्वतः भाग्यनगरातून स्कूटरनं येते. पूल चढला-उतरला की बारा मिनिटांत गेटवर. ती बारा मिनिटंच माझ्या डोक्यात बेळगावचं माप होती.

नोटीस वाचून थोरल्या काकी ऑफिसात आल्या. बेळगावकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी करतो, मी येतो' असंच बोलतात. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी चारला उठतो. पाणी भरतो, दोन डबे करतो, म्हशीचं बघतो. अजून किती आधी उठू सांगा." मी त्यांना नियम सगळ्यांना सारखाच आहे असं उत्तर दिलं. ते उत्तर आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तपासणीला असलेली एक जण काम सोडून गेली. तिचे त्या महिन्यात पाच अर्धे दिवस कापले गेले होते. बसचा हजार रुपयांचा फायदा पगारकपातीतच संपला होता, वर दोन तास जास्त घराबाहेर. तिनं हिशेब केला आणि वडगावला एका शिवणकामाच्या युनिटमध्ये गेली. पगार कमी, पण चालत वीस मिनिटं. पुढच्याच महिन्यात एका ग्राहकाकडून बोअरच्या मापात चुकलेला एक लॉट परत आला. प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं साधन) लावून असा माल बाजूला काढणारी तीच होती.

त्याच सुमारास पीएफ आणि ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) काम बघणारे आमचे सल्लागार महिन्याच्या फेरीला आले. पगारपत्रक बघून त्यांनी विचारलं, "वीस मिनिटांना चार तास कापलेत?" तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याचं कलम ९ त्यांनी समजावून सांगितलं. गैरहजेरीबद्दल पगार कापता येतो, पण जेवढा वेळ माणूस गैरहजर तेवढ्याच प्रमाणात. वीस मिनिटांना वीस मिनिटांचेच पैसे. आमची नोटीस कायद्यात बसतच नव्हती. कापलेली जादा रक्कम सप्टेंबरच्या पगारात परत केली, सोडून गेलेल्या बाईलाही घरी नेऊन दिली. पैसे तिनं घेतले. कामावर परत मात्र आली नाही.

सहा बायकांबरोबर एक सकाळ

सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी मी आदल्या रात्री त्या गावात नातेवाइकांकडे राहिले आणि सकाळी बायकांबरोबर निघाले. हे मी जुलैमध्ये करायला हवं होतं.

स्टॉपवर साडेसहाला पोचलो. बसची वेळ ६:५०, आली ६:५८ ला. मागच्या गावाहून येताना निम्मी भरलेली. भाजीची बुट्टी घेतलेल्या म्हाताऱ्या, दुधाचे कॅन, पाठीवर दप्तरं घेतलेली कॉलेजची पोरं. पुढची पाटी कन्नडमध्ये. धाकटी ती घडाघड वाचते. काकी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, त्या ड्रायव्हरचा चेहरा ओळखून बस ओळखतात. ड्रायव्हर बदलला की विचारत बसावं लागतं.

कंडक्टरचं काम मी त्या दिवशी नीट बघितलं. तिकीट मोफत असलं तरी ते द्यावंच लागतं. प्रत्येकीचं ओळखपत्र बघायचं, कुठं उतरणार विचारायचं, मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात ठेवायचं. पासष्ट-सत्तर माणसं भरलेल्या बसमध्ये हे एकट्या माणसाला करायचं. वडगावात शिरण्याआधी बस चार मिनिटं नुसती उभी होती, तिकिटं पुरी व्हायची म्हणून. त्या कंडक्टरला दोष द्यावा असं काही मला दिसलं नाही. घामानं भिजला होता आणि तरी म्हातारीची बुट्टी त्यानंच आत ओढून घेतली.

शहापुरात गर्दी, कपिलेश्वर पुलाच्या तोंडाला गर्दी. सीबीटीला ७:४१. मच्छेची बस ७:४० ची होती आणि ती आमच्या डोळ्यांदेखत बाहेर पडली. पुढची ७:५५ ला. आरपीडीपर्यंत एका पायावर उभं राहणं. तिथं टिळकवाडीतल्या कॉलेजांची पोरं उतरली आणि बस निम्मी रिकामी झाली. उद्यमबागच्या स्टॉपवर ८:२३, पुढं चालत सहा-सात मिनिटं. ८:३० ला मी माझं बोट पंचिंग मशीनवर ठेवलं. गाव सोडून दीड तास झाला होता, आणि त्या बायकांचं आठ तासांचं उभ्यानं करायचं काम आता सुरू होणार होतं.

त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे अर्ध्या तासाच्या उशिरातल्या निम्म्या वेळेचं मूळ सीबीटीवरच्या एका मिनिटात होतं. पहिली बस दहा मिनिटं आधी निघाली असती तर दुसरी सापडली असती. दुसरी म्हणजे गर्दीला वेळ असते. सकाळच्या कॉलेजांसाठी साडेसात-पावणेआठची बस फुटेपर्यंत भरते, नंतर थोडी मोकळीक, आणि नऊनंतर हायस्कूल व ऑफिसांची लाट.

समोर आलेले पर्याय

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत बायकांना ऑफिसात बसवून बोललो. मालकही होते. त्यांनी ऐकून घेतलं, हे सांगायला हवं.

गाडी ठरवायची, हा पहिला पर्याय. दोन मॅक्सीकॅबवाल्यांना विचारलं. सहा बायकांसाठी महिन्याचं भाडं दोन बायकांच्या पगाराहून जास्त निघत होतं. बायकांनी वाटा उचलावा का? बस फुकट असताना त्यांनी पुन्हा पैसे का मोजावेत, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आमचाच मालवाहू टेम्पो सकाळी रिकामा असतो, त्यातून आणू, असं एक सुपरवायझर म्हणाले. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत, मी तिथंच थांबवलं. उद्यमबागेत अशा गाड्या अधूनमधून दिसतात आणि एखादा खड्डा किंवा एखादा अचानक दाबलेला ब्रेक पुरेसा असतो.

दुचाकी, हा दुसरा. धाकटीकडे भावाची स्कूटर होती, तिनं एकीला मागं घेऊन यायची तयारी दाखवली. यात विम्याचा प्रश्न येतो. २०१० साली ईएसआय कायद्यात कलम ५१ई आलं. कामावर येता-जाता झालेला अपघात, वेळ-जागा-परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला तर, कामातलाच धरला जातो. हे बायकांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, हेल्मेट दोघींनाही हवं असंही सांगितलं.

चौथं गेट, हा काकींनी सुचवलेला. अनगोळपर्यंत कसंही पोचलं तर पुढं गेट ओलांडून चालत येता येतं. पण अनगोळपर्यंत बस नाही, आणि लाइनच्या दुहेरीकरणाच्या कामामुळे ते गेट कधी चालू, कधी बंद. पावसाळ्यात शिवारातल्या रस्त्यानं चालायचं म्हणजे घोटाभर चिखल. हा पर्याय बाजूला पडला. आज मला वाटतं, तो घाईनं बाजूला पडला.

याच बोलण्यात हलगा-मच्छे बायपासचा विषय निघाला. महामार्गावरच्या हलग्यापासून खानापूर रोडवरच्या मच्छेपर्यंत शहराला वळसा घालणारा हा रस्ता. एक सुपरवायझर सहज म्हणाले, तो झाला की तुमचा प्रश्नच मिटेल. खोलीत शांतता पसरली. सहापैकी दोघींच्या घरची भातशेती त्या आखणीच्या पट्ट्यात आहे. बेळगावचा बासमती ज्या काळ्या मातीत होतो ती ही जमीन, आणि शेतकरी कित्येक वर्षं रस्त्यावर आणि कोर्टात त्यासाठी लढतायत. काकी हळू आवाजात म्हणाल्या, "रस्ता झाला तर मी लवकर येईन, खरं. पण मग जेवणार काय?" त्यानंतर तो विषय आम्ही कुणी काढला नाही.

उरले दोन पर्याय: पाळीची वेळ बदलणं आणि बसची वेळ बदलून मागणं. सकाळी सातची पाळी करा, सहाच्या बसला गर्दी नसते, असं मालकांचं मत. बायकांनी एका सुरात नकार दिला. त्यासाठी तीनला उठावं लागलं असतं. मग पावणेनऊ ते सव्वापाच असं ठरलं.

काय केलं

अर्ध्या दिवसाची नोटीस काढून टाकली आणि दहा मिनिटांची सूट दिली. त्यापुढं जेवढी मिनिटं तेवढेच पैसे.

पाळी बदलायची तर कामाच्या वेळांची नोटीस कारखान्यात लावावी लागत होती आणि बदलाआधी फॅक्टरी इन्स्पेक्टरांना प्रती द्याव्या लागत होत्या. ते कागद करून १६ ऑक्टोबरपासून सहा बायकांची पाळी ८:४५ ची केली. मशीनवरचे पुरुष आठलाच येत राहिले. सुपरवायझरांची तक्रार होती की डीबरिंग मागं पडेल. प्रत्यक्षात संध्याकाळी बायका पाऊण तास जास्त थांबत असल्यानं सकाळच्या मशीनिंगचा माल साचण्याऐवजी त्याच दिवशी उरकू लागला.

एक दोनशे पानी वही आणली. धाकटी रोज चार वेळा लिहायची: बस गावात किती वाजता आली, सीबीटीला किती वाजता पोचली, दुसरी बस कधी निघाली, उद्यमबागेत कधी उतरलो. बस न थांबता गेली तर तेही. सुरुवातीला बायकांना वाटलं, ही वही त्यांच्यावर नजर ठेवायला आहे. ती ऑफिसात न ठेवता धाकटीच्या पर्समध्येच ठेवायची असं ठरल्यावर विश्वास बसला.

नोव्हेंबरअखेर सहा आठवड्यांच्या नोंदी झाल्या. त्यांतल्या दोनतृतीयांश दिवशी दुसरी बस पाच मिनिटांच्या आत हुकली होती. त्या आकड्यांवर निवेदन तयार केलं. आधी मी ते मराठीत लिहिलं. आमच्या स्टोअरमध्ये बैलहोंगलकडचे एक कन्नडभाषक सहकारी आहेत. त्यांनी ते वाचलं, आणि मागणीचा कागद वाचणाऱ्याच्या भाषेत असला की टेबलावर पडून राहत नाही, असं सांगून रात्री घरी बसून सुरेख कन्नडमध्ये लिहून आणलं. आगारात ते स्वतः आमच्याबरोबर आले. या शहरात भाषेवरून काय काय होतं ते आपण जन्मापासून बघतोय. त्या दिवशी त्यांनी काकींचं म्हणणं शब्दाशब्दानं कन्नडमध्ये मांडलं आणि परत येताना काकींनी त्यांना घरी जेवायचं आमंत्रण दिलं.

आम्ही मागितली होती सकाळी अनगोळमार्गे उद्यमबागला एक थेट बस. अधिकाऱ्यांनी वही चाळली. जादा गाडी आणि जादा ड्रायव्हर नाही, असं सरळ सांगितलं. मग विचारलं, ६:५० ची ६:४० ला सोडली तर चालेल का? आम्हाला मंगळवारची ती सीबीटीवरची बस आठवली. चालेल म्हणालो.

परिणाम

पावणेनऊची पाळी सकाळपुरती उत्तम ठरली. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सहा जणींचे मिळून फक्त तीन लेट मार्क. बायका पुढची बस धरू लागल्या, ती मोकळी असायची.

संध्याकाळनं मात्र आमची चूक दाखवून दिली. साडेचारला सुटत तेव्हा बायका पाचच्या सुमारास आरपीडी पार करत. सव्वापाचला सुटल्यावर त्या नेमक्या उद्यमबागेतल्या सगळ्या युनिट्सच्या, ऑफिसांच्या आणि क्लासच्या पोरांच्या लाटेत सापडल्या. दोन-दोन बस भरून न थांबता जात. डिसेंबरमध्ये हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरलं तेव्हा शहरात बंदोबस्त आणि गाड्यांची वर्दळ. एका संध्याकाळी बायका पावणेआठला घरी पोचल्या. थंडीचे दिवस, सहालाच अंधार. धाकटीच्या घरून तिला काम सोडायला सांगण्यात आलं. तिच्या आईशी मी फोनवर बोलले, महिनाभर मुदत मागितली.

जानेवारीच्या मध्याला बस दहा मिनिटं आधी सुटू लागली. चार दिवस वही बघितली आणि पाळी पुन्हा बदलली: ८:१५ ते ४:४५. आता ६:४० ची बस, सीबीटीला साधारण ७:३० आणि ७:४० ची मच्छे बस. उद्यमबागेत आठ-सव्वाआठ. मार्चअखेरपर्यंत महिन्याला सरासरी चार लेट मार्क, तेही बहुतेक दहा मिनिटांच्या सवलतीत बसणारे. धाकटी राहिली. आठवड्यातून दोन-तीन दिवस ती स्कूटर आणते, मागं काकी. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट असतं, मी गेटवर बघते.

गेलेल्या बाईच्या जागी तपासणीला नवीन माणूस तयार व्हायला सात महिने लागले.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वात आधी, त्या बसमध्ये जुलैच्या पहिल्या आठवड्यात बसेन. एकोणचाळीस लेट मार्क मी संगणकावर बघितले आणि त्यांतून आळस वाचला. सात जणी एकाच गावच्या, सातही एकाच महिन्यात उशिरा, हे एवढं जरी जुळवलं असतं तरी प्रश्न बाईचा नसून वाटेचा आहे हे कळलं असतं. ते न कळल्यानं एक चांगली कामगार गेली.

दुसरं वडापचं. जूनअखेर वडापवाल्याची गाडी अर्धी रिकामी येतेय हे आमच्या वॉचमनला दिसत होतं. त्याच वेळी आम्ही आणि शेजारच्या दोन-तीन युनिट्सनी मिळून त्याला महिन्याची ठरावीक रक्कम दिली असती, त्याच्या गाडीचे कागद तपासून, परमिटसह, तर ती फेरी टिकली असती असं मला वाटतं. तीच रक्कम नंतर कुठल्याही मॅक्सीकॅबच्या भाड्यापेक्षा कमी झाली असती. चालू असलेली गोष्ट टिकवायला थोडं लागतं. बंद पडल्यावर उभी करायला तो माणूसच उरत नाही. त्यानं गाडी विकली, आता तो मच्छेत एका गोडाऊनवर ड्रायव्हर आहे.

चौथ्या गेटचा पर्यायही मी नीट तपासेन. गेट कुठल्या दिवशी बंद, किती वाजता, याची नोंद आम्ही केलीच नाही. काकी वीस वर्षं त्या शिवारातून चालतायत. त्यांचं म्हणणं आम्ही चिखलाच्या एका वाक्यात निकालात काढलं. फेब्रुवारी ते मे चिखल नसतो.

आणि वही दोन्ही बाजूंची हवी होती. आम्ही येण्याच्या चार वेळा लिहिल्या, जाण्याची एकही नाही, कारण जाण्याची वेळ पंचिंग मशीनला कळत नाही. कारखान्याच्या दृष्टीनं साडेचारला दिवस संपतो. काकींचा दिवस म्हैस बांधून, भात शिजवून संपतो. पाळी बदलताना आम्ही मालाचा विचार केला, सकाळचा केला, मात्र अंधारात स्टॉपवर उभ्या असलेल्या बाईचा केला नाही. पावणेनऊची पाळी आठवडाभर करून बघायची आणि दोन्ही वेळा मोजायच्या, एवढं जरी केलं असतं तरी तीन महिन्यांचा त्रास वाचला असता.

आता वहीत पाचवा रकाना आहे: घरी पोचल्याची वेळ. गेल्या आठवड्यात धाकटीनं लिहिलंय, सोमवारी ६:१०, मंगळवारी ६:३५, बुधवारी दोन बस थांबल्या नाहीत, ७:०५. निवेदनाचा दुसरा कागद कन्नडमध्ये लिहायला स्टोअरमधल्या सहकाऱ्यांकडे दिलाय.